दुधातले थेंब

केळं सोलता सोलता मधोमध मोडलं आणि भुंगा टेबलाखाली गेला.

त्याच्या आत्याने दोन्ही तुकडे ताटलीत ठेवून त्यांच्यावर वाटी पालथी घातली. तुकडे डोळ्यांसमोर राहिले की पोर आणखी पेटतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. टेबलाखालून आधी नुसता श्वास ऐकू आला, लांबलचक, आत ओढलेला, मग किंकाळी. वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याने तिला उत्तर दिलं. टाचा फरशीवर आपटू लागल्या, मागोमाग डोकं टेबलाच्या पायावर, आणि वरच्या बरणीतले चमचे किणकिणायला लागले.

"शांत हो" असं आत्या म्हणाली नाही. सव्वीस वर्षांत हे दोन शब्द तिने कुणालाच ऐकवले नव्हते. तिने फ्रिजवरची वही काढली, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसली आणि गुडघ्यावर हात दाबत, टेबलापासून हातभर अंतर राखून ती फरशीवर बसली.

"बोला," ती म्हणाली.

"केळं!"

"केळं." तिने सावकाश लिहिलं. "केळ्याचं काय?"

"मोडलं! तू मोडलंस!"

"केळं मोडलं. आत्याने मोडलं. कुठे मोडलं?"

"मध्ये!"

"मध्ये मोडलं. मोडायला नको होतं."

टाचा थांबल्या.

"नको होतं," आतून हुंदक्याने चिरलेला आवाज आला.

"अख्खं हवं होतं."

"अख्खं."

"तक्रार क्रमांक आठशे बारा. नोंद झाली." आत्याने खाली रेघ मारली. "आता?"

टेबलाखाली सगळं थांबलं. या 'आता?'ला उत्तर द्यायचं तर रडणं बाजूला ठेवावं लागतं, हे साडेतीन वर्षांच्या भुंग्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

"दूध," तो म्हणाला.

तो रांगत बाहेर आला. कपाळ लाल, केस घामाने चिकटलेले. येऊन तिच्या मांडीत बसला आणि वहीचा कोपरा तोंडात घेऊन चघळू लागला. वहीचे कोपरे त्याने उंदरासारखे कुरतडून ठेवले होते. आत्याला त्याचं कौतुकच वाटे. "माझं काम गोड लागतं हो त्याला," असं ती भावाला सांगायची.

तिने दूध कोमट केलं, फळीवरची तपकिरी बाटली काढली, अर्धा ड्रॉपर भरला आणि दुधात सोडला. काळपट थेंब पांढऱ्यात पसरले. जुन्या किल्लीला येतो तसा वास आला. वर साखर घालून तिने ढवळलं. भुंग्याने एका दमात पेला रिकामा केला आणि ओठांवरच्या पांढऱ्या मिशीसकट खेळायला पळाला.

वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर आत्याने सव्वीस वर्षं काढली होती. माणसं यायची ती मूठ आवळूनच. कुणाचं बिल तिप्पट, कुणाच्या घरात आठवडाभर अंधार. आत्या लिहून घ्यायची, लिहिलेलं हळू आवाजात परत वाचून दाखवायची, "असं व्हायला नको होतं" म्हणायची, आणि शेवटी, "नोंद झाली. आता?" काच फोडायला आलेला माणूस पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारून जायचा. मोठे साहेब म्हणत, खिडकीवर बाई नाही बसवली, बंब बसवलाय.

निवृत्तीनंतर अकरा महिने ती आपल्या दोन खोल्यांत राहिली. फोन वाजायचा, पण तो बहुधा दुसऱ्याच कुणासाठी असायचा. मग एक दिवस धाकट्या भावाचा आला. बालवाडीने भुंग्याला चौथ्या दिवशी घरी पाठवलं होतं. एका मुलीच्या खांद्यावर त्याचे सहा दात उमटले होते. "ताई, थोडे दिवस येतेस का?" त्या थोड्या दिवसांना आता सात महिने झाले होते. तिची बॅग कपाटावर चढली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. आत्या ती धूळ मुद्दाम पुसत नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी भुंग्याचं रक्त तपासलं. घरी आल्यावर भाऊ जेवताना घास हातात धरूनच बोलत होता.

"म्हणजे पोरगं वाईट नाही ताई, नुसतं लोह कमी पडलंय! अशी मुलं चिडतात, झोपत नाहीत, कागद खातात, भिंत चाटतात. डॉक्टरांनी न बघता सगळं बरोबर सांगितलं." तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. "आमच्या लिफ्टचंही असंच. व्होल्टेज पडलं की धडधडते. लोक म्हणतात, लिफ्ट खराब. लिफ्ट कुठे खराब असते?"

"थेंब दिले की होईल म्हणाले बरा?" आत्याने विचारलं.

"होईल ना. निवळेल. मग बालवाडीवालेही घेतील म्हणाले. आणि तुझीही सुटका."

"बघा," आत्या म्हणाली, "रागावर थेंब निघालेत! आधी कळलं असतं तर बाटलीच ठेवली असती खिडकीवर, आणि मी घरी बसले असते."

सगळे हसले. भावजय तर ठसका लागेपर्यंत हसली, बऱ्याच दिवसांनी. आत्याही हसली, पण तिचा घास तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत पायात चप्पल सरकवता सरकवता भावजयीने सांगितलं, "रोज एकदा, अर्धा ड्रॉपर." डॉक्टरांचा कागद तिच्या पर्समध्येच राहिला. कडू औषध दुधातून द्यायचं, हे आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या आईने तिला तसंच दिलं होतं. आणि भुंगा दूध प्यायचाही छान. तक्रार मिटली की एक पेला, दिवसाला चार, कधी पाच. दूध पितं आहे तोवर पोराची काळजी नको, असं सगळेच म्हणत.

बाटली संपत आली तेव्हा आत्या त्याला घेऊन औषधाच्या दुकानात गेली. रांग होती. भुंग्याला काउंटरवरचा वजनाचा काटा हवा होता. मिळेना, तेव्हा तो दारातच आडवा झाला. लोक पाय वर करून त्याला ओलांडू लागले. एक गृहस्थ म्हणाले, "दोन ठेवून द्या म्हणजे कळेल." आत्याने पिशवीतून वही काढली आणि पायरीवर बसली. काटा. काटा हवा. काटा दिला नाही. द्यायला हवा होता. आठशे एकोणीस. नोंद झाली, आता?

भुंगा उठला आणि तिचं बोट धरून उभा राहिला. दुकानात कुणी तरी हलकेच टाळी वाजवली.

"कमाल आहे तुमची," काउंटरमागची मुलगी म्हणाली. तिच्या कानावर पेन होतं. "आमच्याकडे रोज एक तरी लोळतं. मोठी माणसंसुद्धा. तुम्हाला इथेच नोकरीला ठेवायला पाहिजे, आजी."

"आत्या," आत्या म्हणाली. पण तिच्या गालावर ऊब आली होती.

मुलीने बाटली पिशवीत घातली आणि सहज विचारलं, "दुधातून नाही ना देत हे?"

"का गं?"

"दूध म्हणजे लोहाची सवत. टिकूच देत नाही अंगात. दुधातून दिलं म्हणजे मोरीत ओतलं समजा. पाण्यातून द्यायचं, थोडं लिंबू पिळून. आणि दूधही कमी करा. दुधानेच पोट भरलं की पोर जेवत नाही, मग लोह येणार कुठून? चिडचिड चालूच राहते. किती पितो?"

"दोन पेले," आत्या म्हणाली. "आणि थेंब पाण्यातूनच देते मी."

आवाज खिडकीवरचा होता, सपाट, गुळगुळीत. तो इतका सहज निघाला, की दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत आपण काय बोललो ते तिच्या लक्षातच आलं नाही.

घरी येताना भुंगा तिचं बोट सोडत नव्हता. आत्या झपाझप चालत होती, आणि आपण का झपाझप चालतो आहोत ते तिला कळत नव्हतं.

रोज दिवेलागणीला ती खोलीचं दार लोटून दहा मिनिटं हात जोडून बसायची. मागणं काही नसायचं. दिवसभरात आवाज चढला नाही ना, तोंडून खोटं गेलं नाही ना, एवढंच चाचपून बघायचं. खिडकीवर बसायला लागली त्या दिवसापासूनचा हा नेम. तापातही मोडला नव्हता. त्या संध्याकाळी हात जुळले, पण डोळे मिटेनात. भिंतीवरचा खिळा बघत तिने दहा मिनिटं काढली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेल्यात पाणी घेतलं. लिंबू चिरलं. ड्रॉपर भरला. बाहेर भुंगा बुटाच्या नाडीवरून पेटला होता. पेला हातात धरून ती उभी राहिली. हे पाणी त्याच्या पोटात गेलं, उद्या गेलं, परवा गेलं, की एक दिवस नाडी नुसती नाडी होईल. बालवाडीची पिशवी येईल. कपाटावरून बॅग उतरेल. तिच्या त्या दोन खोल्यांत फोन वाजेल, दुसऱ्या कुणासाठी तरी.

'आंबट लागलं तर थुंकेल,' ती स्वतःशी म्हणाली. 'आजचा एक दिवस.'

तिने पाणी मोरीत ओतलं आणि दूध कोमट केलं.

आजचा एक दिवस, असे दिवस मग एकामागून एक आले. आत्याला बसवेना. तिने धुतलेले रुमाल पुन्हा धुतले. इस्त्री केलेल्या चादरींच्या घड्या मोडल्या आणि परत घातल्या. खिडक्यांच्या कड्या लावल्या आहेत की नाही हे बघायला ती तीन-तीनदा उठायची. भुंग्याने आवाज काढायच्या आधीच तिचा हात अंबाड्यातल्या पेन्सिलीकडे जायचा. एकदा तर तो नुसता शिंकला आणि ती "बोला" म्हणाली.

"तुला काय झालंय, ताई?" भावाने विचारलं. "घरात एक भुंगा होता, आता दोन झाले."

"वय झालं," ती म्हणाली.

हेही खोटंच.

नवव्या दिवशी संध्याकाळी भावजय कामावरून आली. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून चौकटीत बसवायची. डोळ्यात तेल घालून करायचं काम. आल्या आल्या ती भुंग्याचे ओले मोजे काढायला वाकली. मोजे ओलेच हवे होते, हे तिला कसं कळणार? त्याने हातातला लाकडी ठोकळा फेकला. तो तिच्या ओठावर बसला.

ती ओठावर हात ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

आत्याने आधी भुंग्याला आवरलं. मोजा, ओला, आईने काढला, आठशे अठ्ठावन्न, दूध. मग ती आत गेली. भावजय ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. रुमालात बर्फ होता, रुमालाच्या कोपऱ्यावर लाल डाग.

"झाला गप्प?"

"झाला."

"किती वेळ लागला?"

"असतील चार-पाच मिनिटं."

"मला पाऊण तास लागतो. तरी होत नाही." ती हसायला गेली आणि ओठ दुखला. "आज एका बाईच्या चष्म्यात मी डावी काच उजवीकडे बसवली, ताई. बाई म्हणाली, अहो, जग वाकडं दिसतंय. मी मनात म्हटलं, मलाही."

"थकलीस गं."

"थकण्याचं काही नाही हो. महिना झाला औषधाला. डॉक्टर म्हणाले होते, तीन-चार आठवड्यांत फरक दिसायला लागेल. कुठे दिसतोय? तुमच्याकडे गप्प होतो. बापाकडेही होतो. मारतो फक्त मला." तिने बर्फ दुसऱ्या हातात घेतला. "म्हणजे कमी त्याच्या रक्तात नाहीच. माझ्यात आहे."

आत्या सवयीने हातभर अंतर राखून फरशीवर बसली होती. जीभ आपोआप सुरू झाली.

"तू म्हणतेस, कमी तुझ्यात आहे."

"हो."

पुढचं वाक्य सव्वीस वर्षं तयार होतं. ते दातांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"आम्ही सकाळीच बोललोय," भावजय म्हणाली. "तुम्ही त्याला घेऊन जा, ताई. तुमच्या घरी. एखादं वर्ष. आम्ही दर रविवारी येत जाऊ. तुमच्याजवळ तो माणसात असतो. मी समोर नसले तर बरंच आहे त्याला."

आत्याच्या डोळ्यांसमोर त्या दोन खोल्या आल्या. दाराशी चिमुकले बूट. बुटकं टेबल. वहीमागून वही, हजार, दोन हजार. सगळं जागच्या जागी बसत होतं, मापून घेतल्यासारखं. तिने हे कुणाजवळ मागितलं नव्हतं. तरी ते समोर वाढून ठेवलेलं होतं, आणि वाढणाऱ्या बाईच्या ओठातून रक्त येत होतं.



"उद्या बोलू," ती म्हणाली आणि ओट्याला धरून उठली.

सकाळी भावजय आवरून बाहेर आली तेव्हा ओट्यावर पेला तयार होता. शेजारी पिळलेलं अर्धं लिंबू, शेजारी बाटली.

"आजपासून थेंब तू दे," आत्या म्हणाली.

"मी? माझ्या हातचं तो पाणीसुद्धा..."

"दे. पाण्यातूनच द्यायचे असतात. मी दुधातून देत होते. दुधातून लागू पडत नाहीत. आणि दूधही मी फार पाजते. ते दिवसाला एका पेल्यावर आणायचं."

भावजय पर्समध्ये हात घालून चाचपू लागली. "अहो, तो कागद! त्यात लिहिलंही असेल. मीच तुम्हाला दाखवला नाही. तुम्हाला काय माहीत, ताई..."

"मला माहीत होतं."

पर्समधला हात थांबला.

"औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं होतं," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो खिडकीवरचाही नव्हता. त्याला कुठे तरी चीर गेली होती. "नऊ दिवस झाले. माहीत असून दुधात घालत होते."

फ्रिज घरघरत सुरू झाला. आत्या उभी राहिली. मूठ येते तेव्हा कशी येते, हे तिने खूप पाहिलं होतं. पण तेव्हा मध्ये काच असायची.

भावजयीने 'का' असं विचारलं नाही. काचेवर ओरखडा आहे का हे बघायला ती उजेडासमोर धरावी, तसं तिने आत्याकडे बघितलं. मग पेला उचलला, थेंब मोजून घातले आणि आत गेली.

आतून किंकाळी आली. पेला पडला. भावजयीचा आवाज, पुन्हा किंकाळी. आत्याचा हात अंबाड्याकडे गेला आणि तिथून खाली आला.

थोड्या वेळाने भावजय बाहेर आली. बाही कोपरापर्यंत ओली, हातात रिकामा पेला.

"लिंबू आहे का अजून?" तिने विचारलं.

"आहे."

तिने ते स्वतःच पिळलं.

त्यानंतर तिने भावाला सांगितलं की नाही, हे आत्याला कधीच कळलं नाही. भाऊ नेहमीसारखाच राहिला. भुंग्याला घेऊन जाण्याची गोष्ट मात्र पुन्हा निघाली नाही. भावजय 'ताई' म्हणायची ते तसंच, फक्त आधी ती विचारायची, "ताई, चहा टाकू?" आता चहा करून, वर बशी झाकून ठेवायची.

पहिले दोन आठवडे कठीण गेले. भुंग्याच्या तक्रारी आता दुधाच्याच असायच्या.

"दूध देत नाही!" टेबलाखालून यायचं.

"दूध देत नाही," आत्या लिहायची. "द्यायला..."

पुढचं तिला म्हणता यायचं नाही. ती नुसतीच रेघ मारायची.

रोज सकाळी भावजय पेला घेऊन आत जायची. आधी पेला पडायचा. मग सांडायचा. मग एके दिवशी आतून भुंग्याचा आवाज आला, "आंबट!" आणि पाठोपाठ दोघांचं हसणं. आत्या बाहेर वाटाणे सोलत होती. तिने सोललेले दाणे टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात, आणि मग सगळं पुन्हा निवडत बसली.

हळूहळू भुंगा भाजी मागायला लागला. रात्री उठेनासा झाला. ओठांवर, नखांखाली रंग आला. वहीत एका दिवसाला एकच तक्रार पडू लागली, मग दोन दिवसांत एक. वही भरली म्हणून आत्याने नवी काढली, आणि आठवड्याने तिच्या लक्षात आलं की तिचे चारही कोपरे सरळ आहेत. तिने त्यांच्यावरून अंगठा फिरवून बघितला. पूर्वीची वही आठवली. आपण ज्याला गोडी समजत होतो ती भूक होती.

त्या दिवसापासून संध्याकाळी तिचे डोळे मिटू लागले. काही हलकं झालं असं नाही. मिटू लागले एवढंच.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. भाऊ कागद नाचवत आला. "भरलं लोह! आता चुंबक लावला तर चिकटेल पोरगं!" बालवाडीतही जाऊन आले. बाईंनी भुंग्याला तासभर बसवून बघितलं आणि म्हणाल्या, सोमवारपासून पाठवा.

शनिवारी दुपारी भाऊ आणि भावजय नवे बूट आणायला गेले होते. आत्या केळं सोलत होती. ते मधोमध मोडलं.

तिची पेन्सिल हातात आली, वही फ्रिजवरून उतरली, आणि गुडघ्यावर हात दाबत ती फरशीवर बसलीसुद्धा.

भुंग्याने ताटलीत बघितलं. एक तुकडा उचलला, दुसरा उचलला.

"दोन झाली!" तो म्हणाला आणि दोन्ही गाल भरून पुन्हा ठोकळ्यांकडे गेला.

"बोला," आत्या म्हणाली.

"काय बोलू?"

"काही तक्रार?"

"नाही." त्याने ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. "नाही म्हटलं ना."

आत्या बसून राहिली. एकदा बसलं की उठणं सोपं नव्हतं, आणि उठून करायचं तरी काय? ठोकळ्यांचा मनोरा वाढत वाढत भुंग्याच्या हनुवटीपर्यंत आला आणि धाडकन कोसळला. आत्याची बोटं पेन्सिलीभोवती आवळली. भुंग्याने पसाऱ्याकडे बघितलं, नाकाने जोरात श्वास सोडला, आणि खालचा ठोकळा पुन्हा खाली ठेवला.

वरच्या मजल्यावर कुत्रं चालत होतं. त्याची नखं वाजत होती.

काही वेळाने भुंगा आला. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून. मग तिच्या मुठीतली पेन्सिल एकेक बोट सोडवून काढून घेतली, वही आपल्याकडे फिरवली आणि हातभर अंतर राखून मांडी घालून बसला.

"बोला," तो म्हणाला.

"कुणाची तक्रार?"

"तुझी."

"माझी रे काय असणार?"

"बोला ना!"

आत्याने खिडकीतून बाहेर बघितलं, मग त्याच्याकडे.

"खिडकीवर कुणी येत नाही," ती म्हणाली.

भुंग्याने कागदावर एक लांब रेघ ओढली, तिच्या टोकाला एक वेटोळं काढलं. सावकाश, जीभ बाहेर काढून.

"खिडकीवर कुणी येत नाही," तो हळू आवाजात वाचल्यासारखं म्हणाला. "यायला हवं होतं."

"हवं होतं," आत्या म्हणाली.

त्याने खाली रेघ मारली. कागद जरा फाटला.

"नोंद झाली," तो म्हणाला. "आता?"

तिने डोळे पुसले नाहीत; ते तसेच राहू दिले. या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे काय बाजूला ठेवावं लागतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"आता बॅग काढू," ती म्हणाली. "माझी. कपाटावरची. तू खुर्ची धरशील?"

भुंगा आधीच उठला होता. त्याने खुर्ची ओढत कपाटाशी नेली, मागे जाऊन पाय रोवले आणि दोन्ही हातांनी पाठ घट्ट धरली.

आत्या वर चढली. खुर्ची जराही हलली नाही.